गळवातले मँगनीज

गळू कधी झाले नाही असा माणूस विरळा. आधी नुसता ठणका, मग लालबुंद सूज, मग मधोमध पिवळे तोंड; आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे एकच सांगणे, हात लावू नकोस, पिकू दे. पुष्कळ गळवांमागे स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू असतो. एरवी तो कित्येक निरोगी माणसांच्या नाकात मुकाट नांदत असतो. कातडीला बारीकशी जखम झाली की आत शिरतो, आणि रक्तातून धावून आलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला घेरतात. पू म्हणजे मुख्यतः याच पेशी, मेलेल्या आणि मरू घातलेल्या. हाच जिवाणू रक्तात मिसळून मूत्रपिंडात, यकृतात किंवा हाडात पोचला, तर तिथेही गळवे धरतात आणि दुखणे जिवावर बेतते.

न्यूट्रोफिल जिवाणूंना गिळतात, त्यांच्यावर दाहक रसायनांचा मारा करतात, हे बऱ्याच आधीपासून ठाऊक होते. शरीर जिवाणूंची उपासमारही करते, ही कल्पनाही नवी नव्हती. लोह दडवून ठेवून जंतूंना जेरीला आणण्याच्या या युक्तीला यूजीन वाइनबर्ग यांनी 1975 साली ‘पोषणातून प्रतिकार’ अशा अर्थाचे नाव दिले होते. पण जिवंत प्राण्याच्या गळवाच्या आत ही उपासमार खरोखर घडते का, कोणत्या धातूची घडते आणि ती कोण घडवून आणते, हे दाखवायचे कसे? अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातले एरिक स्कार, वॉल्टर चेझिन, रिचर्ड कॅप्रिओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली ‘सायन्स’ साप्ताहिकात याचे उत्तर दिले. त्यासाठी त्यांनी गळू झालेल्या ऊतीचे दोन वेगळे नकाशे काढले, एक प्रथिनांचा आणि एक धातूंचा, आणि ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले. या प्रकरणाचा विषय हाच आहे: एकट्या यंत्राला जे दिसत नाही, ते दोन यंत्रांना मिळून कसे दिसते.

ऊतीतली रसायने मोजण्याची जुनी रीत साधी आहे. तुकडा घ्यायचा, वाटायचा, गाळायचा आणि त्यात काय किती आहे ते मोजायचे. याने आकडे फार अचूक मिळतात, पण ठिकाण हरवते. गावच्या पीकपाहणीचा गोषवारा हाती यावा, ऊस इतके हेक्टर, ज्वारी इतके हेक्टर, पण ऊस विहिरीलगत आहे की माळावर ते कळू नये, तशी गत होते. उंदराच्या मूत्रपिंडातले गळू मिलिमीटरभराचे. त्याच्या आत मँगनीज संपले असले, तरी अख्खे मूत्रपिंड वाटल्यावर भोवतालच्या निरोगी भागातल्या मँगनीजपुढे ती उणीव दिसणारच नाही. ज्या मिलिमीटरभर जागेत जिवाणूचे मरण-जगणे ठरते, तीच जागा सरासरीत बुडून जाते. माझ्या मते जीवरसायनशास्त्राने गेल्या शतकात मिळवलेल्या पुष्कळशा ज्ञानाची ही एक मोठी किंमत होती.

पहिल्या यंत्राचे नाव माल्डी. जर्मनीतले फ्रान्झ हिलेनकाम्प आणि मिखाएल कारास यांनी 1980च्या दशकात ही पद्धत घडवली. त्याच सुमारास जपानमधल्या शिमाड्झू कंपनीतले अभियंते कोइची तानाका यांनी लेझरच्या साहाय्याने अखंड प्रथिनांचे आयन मिळवून दाखवले. त्या कामासाठी त्यांना 2002च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. अडचण अशी होती की प्रथिनासारखा मोठा, नाजूक रेणू लेझरच्या थेट माऱ्यात मोडतो. म्हणून तो एका लहान सेंद्रिय आम्लाच्या स्फटिकांत मिसळायचा. प्रथिनांसाठी बहुधा सिनॅपिनिक आम्ल वापरतात. लेझरची ऊर्जा हे आम्ल शोषून घेते, वाफ होऊन उडते आणि जाताना प्रथिनाला अखंड, विद्युतभारित अवस्थेत सोबत नेते. पुढे निर्वात नळीतून या आयनांची शर्यत लागते. भार सारखा असेल तर हलका आयन आधी पोचतो, जड मागाहून. पोचायला लागलेल्या वेळावरून वस्तुमान कळते.

नकाशाची कल्पना कॅप्रिओली यांनी 1997 साली मांडली. गोठवलेल्या ऊतीचा दहा-बारा मायक्रॉन जाडीचा काप, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कितीतरी पातळ, काचपट्टीवर ठेवायचा. त्यावर आम्लाचा फवारा द्यायचा आणि लेझर एकेका ठिपक्यावर रोखत सगळा काप पालथा घालायचा. प्रत्येक ठिपक्याचा स्वतंत्र वर्णपट मिळतो, त्यात शेकडो वस्तुमाने असतात. त्यातले कुठलेही एक निवडले, की ते ऊतीत कुठे आहे आणि कुठे नाही याचे चित्र उमटते.

मला या पद्धतीत सगळ्यात मोलाची वाटते ती एक गोष्ट. प्रतिपिंडे वापरून काप रंगवायचा असेल, तर काय शोधायचे ते आधी ठरवावे लागते. जे शोधले नाही ते दिसत नाही. इथे तसे बंधन नाही. स्कार यांच्या गटाने स्टॅफिलोकॉकसची लागण झालेल्या उंदरांच्या अवयवांचे काप असे तपासले, तेव्हा सुमारे दहा हजार डाल्टन वस्तुमानाचे एक प्रथिन फक्त गळवांच्या जागी उजळून दिसले. ओळख पटवल्यावर ते कॅल्प्रोटेक्टिन या जोडप्रथिनाचा अर्धा भाग निघाले. कॅल्प्रोटेक्टिन वैद्यकाला अपरिचित नाही. न्यूट्रोफिलच्या पेशीद्रवातल्या प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मे एवढे एकच असते. आतड्याला सूज असल्याची शंका आली की आपल्याकडचे पोटविकारतज्ज्ञही शौचाच्या नमुन्यात तेच मोजायला सांगतात. ते जस्ताला धरून ठेवते आणि परीक्षानळीत बुरशीची वाढ रोखते, हेही आधी पाहिलेले होते.

पण गळवात कॅल्प्रोटेक्टिन आहे, एवढ्यावरून ते तिथे काय करते ते ठरत नाही. ते धातू हिरावून घेते असे म्हणायचे, तर धातू दिसायला हवा, आणि इथेच माल्डी आंधळी पडते. प्रथिनाने धरलेला धातूचा अणू आम्लाच्या फवाऱ्यात बहुधा सुटून जातो. यंत्राला मिळते ते नुसते प्रथिन.

म्हणून दुसरे यंत्र. याची चाल नेमकी उलटी आहे: रेणू जपायचा नाही, पुरता जाळायचा. लेझरचा झोत कापावरचा एकेक ठिपका उडवतो. ती बारीक धूळ वायूच्या प्रवाहातून आर्गॉनच्या प्लाझ्मात नेली जाते. हा प्लाझ्मा सूर्याच्या पृष्ठभागाहूनही तापलेला असतो. त्यात प्रथिने, मेद, डीएनए, काहीच शिल्लक राहत नाही. सगळ्याचे सुटे अणू होतात, अणूंचे आयन होतात आणि त्यांचे वस्तुमान मोजले जाते. प्लाझ्माला मास स्पेक्ट्रोमीटर जोडण्याचे काम अमेरिकेतल्या आयोवात रॉबर्ट हाउक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली प्रसिद्ध केले. पाच वर्षांनी ॲलन ग्रे यांनी पुढे लेझर जोडून घन नमुने थेट तपासले. आरंभी हे तंत्र दगड आणि खनिजे तपासणाऱ्या भूवैज्ञानिकांच्या हाती रुजले. जीवशास्त्रज्ञ त्याकडे मागाहून वळले.

या यंत्रालाही त्याच्या खोडी आहेत. लोहाच्या मुख्य समस्थानिकाचे वस्तुमान 56. आर्गॉनचे 40 आणि ऑक्सिजनचे 16, दोन्ही चिकटले तर बेरीज तीच. ज्या वायूच्या जोरावर यंत्र चालते, तोच वायू शरीरातल्या सर्वांत महत्त्वाच्या धातूचे सोंग घेतो. मग वाटेत दुसऱ्या वायूशी टकरा घडवून ही जोडी फोडावी लागते, नाहीतर लोहाचे दुर्मीळ 57 वस्तुमानाचे समस्थानिक मोजावे लागते. लोहाचा नकाशा पाहताना या दोहोंपैकी काय केले आहे, हे मी आधी शोधतो.

व्हँडरबिल्टच्या धातूनकाशात गळवाची जागा ठळक उठून आली. आजूबाजूच्या ऊतीत मँगनीज आणि जस्त होते; गळवाच्या आत त्यांचा दुष्काळ होता. कॅल्शियमची मात्र तिथे वाण नव्हती. म्हणजे तो भाग नुसताच मेलेला आणि रिकामा झाला होता असे नाही, ठरावीक धातूच तिथून नाहीसे झाले होते. दोन नकाशांचा मेळ इतका चांगला बसला, की कॅल्प्रोटेक्टिनवरचा संशय बळावला. तरीही दोन गोष्टी एकाच जागी दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असे होत नाही, आणि या गटाने ते तिथेच सोडले नाही याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्यांनी कॅल्प्रोटेक्टिन बनवूच न शकणारे उंदीर घेतले. त्यांच्या गळवांत धातू भरपूर सापडले, आणि जिवाणूही जोमाने वाढलेले होते.

मँगनीजच का, याचा उलगडा पुढच्या काही वर्षांत झाला. न्यूट्रोफिल ज्या दाहक रसायनांचा मारा करतात, त्यांतले एक म्हणजे सुपरऑक्साइड. त्याला निष्प्रभ करणारी विकरे स्टॅफिलोकॉकसकडे आहेत, पण त्यांतले मुख्य विकर चालायला मँगनीज लागते. मँगनीज काढून घेतले की जिवाणूची ढालच निकामी होते आणि त्याच पेशींचा दुसरा मारा त्याला सहन होत नाही. चेझिन यांच्या प्रयोगशाळेने कॅल्प्रोटेक्टिनची रचनाही उलगडली. मँगनीजचा एक अणू हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा घटकांच्या वेढ्यात घट्ट बसलेला होता.

आता ज्या भागाबद्दल फार थोडे लिहिले जाते तिकडे वळतो. दोन नकाशे एकमेकांवर बसवणे हे निबंधात एका वाक्यात येते. प्रयोगशाळेत त्याला महिने जातात. मुळात दोन्ही यंत्रांना चालेल असा काप मिळवणेच अवघड. विकृतिशास्त्राच्या विभागात ऊती फॉर्मलिनमध्ये ठेवून मेणात बसवतात. शतकाहून अधिक काळ ती पद्धत उत्तम चालली आहे, पण फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांशी जखडते, आणि द्रावणांतून फिरताना सैल धातू धुऊन जातात. म्हणून ऊती ताबडतोब गोठवायच्या. गोठवलेली ऊती कापताना तिला आधार म्हणून एक पारदर्शक, चिकट लगदा लावण्याची सर्वत्र चाल आहे. त्यातले पॉलिमर माल्डीच्या वर्णपटात इतकी गर्दी करतात की प्रथिने दबून जातात. तो टाळायचा. पोलादी पाते स्वतःचे धातू मागे ठेवू शकते, म्हणून धातूनकाशासाठी काहीजण सिरॅमिकचे किंवा लेप दिलेले पाते पसंत करतात. माल्डीची काचपट्टी वीजवाहक हवी, त्यासाठी तिला इंडियम आणि कथिलाच्या ऑक्साइडचा लेप असतो. मग कथिल मोजायचे असेल तर हीच पट्टी कामाची नाही.

मग क्रम. सूक्ष्मदर्शकाने नुसते पाहणे निरुपद्रवी, ते सर्वांत आधी. माल्डीनंतर कापावरचे आम्ल धुऊन त्याच कापाला नेहमीचे जांभळे-गुलाबी रंग देता येतात आणि विकृतिशास्त्रज्ञ आपल्या सवयीच्या नजरेने तो वाचू शकतो. पण धुताना धातू हलतात. आणि प्लाझ्माच्या लेझरने उडवल्यावर तर काहीच उरत नाही. त्यामुळे बहुतेक वेळा धातूंसाठी शेजारचा काप वापरतात आणि दोन्ही काप पुरेसे सारखे आहेत असे धरून चालतात. गळवाच्या कडेवर, जिथे काही मायक्रॉनांत सगळे बदलते, तिथे हे गृहीतक सर्वांत कमजोर असते. शिवाय काप घेताना ताणला जातो, कुठे दुमडतो, सुकताना आकसतो. दोन्ही चित्रांतली एकेक रक्तवाहिनी, एकेक कडा जुळवत संगणकाकरवी एक चित्र ताणून, वाकवून दुसऱ्यावर बसवावे लागते. ठिपक्यांचे आकारही वेगळे: एका यंत्राचा ठिपका पन्नास मायक्रॉनचा, दुसऱ्याचा दहाचा. 2015 साली राफ व्हान डे प्लास, कॅप्रिओली आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर मेथड्स’मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. माल्डीच्या जाड्याभरड्या नकाशाचे सूक्ष्मदर्शकाच्या बारीक चित्राशी असलेले नाते गणिताने शोधून, रेणूचे वितरण अधिक बारकाईने वर्तवायचे. हे काम देखणे आहे. मात्र असा नकाशा अंशतः मोजलेला आणि अंशतः वर्तवलेला असतो. वाचकाने हा फरक मनात ठेवलाच पाहिजे, नाहीतर सुंदर चित्राच्या मोहात पडून जे मोजलेच नाही त्यावर निष्कर्ष उभे राहतील.

2018 साली व्हँडरबिल्टच्या त्याच गटाने गळवांचा विषय पुन्हा हाती घेतला. या वेळी आधी एमआरआयने अवयवाचे आकारमान टिपले आणि मग कापांमागून काप जोडत प्रथिने आणि मूलद्रव्यांचे नकाशे तीन मितींत उभे केले. तेव्हा असे आढळले की गळवे एकसारखी नसतात. जिवाणू आणि शरीर जिथे भिडतात, तिथली रासायनिक परिस्थिती जागोजागी बदलते. औषध शोधणाऱ्यांसाठी हे अवघड वर्तमान आहे. ‘गळवातला जिवाणू’ असा कोणी एक नसतो.

हा प्रश्न आपल्या अधिक जवळचा होतो तो क्षयरोगात. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे नाव मुंबईत काढले की आजही डॉक्टरांचे चेहरे गंभीर होतात. क्षयाच्या फुप्फुसात गाठी होतात: बाहेर जिवंत पेशींचे थर, आत चीजसारखा मऊ, मृत गाभा. त्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात, पण जिवाणू असतात. रुग्णाच्या रक्तात औषध भरपूर आहे म्हणून ते गाभ्यात पोचले असे नव्हे. व्हेरोनिक दार्तोआ यांच्या गटाने दक्षिण कोरियात शस्त्रक्रियेने काढलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचे काप माल्डीने तपासले आणि 2015 साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये निष्कर्ष दिले. रिफॅम्पिसिन हे औषध गाभ्यात झिरपून साचत जात होते. मॉक्सिफ्लॉक्सासिन मात्र बाहेरच्या पेशींच्या थरांत साठून राहिले, गाभ्यात नीटसे उतरले नाही.

औषध कोणत्या थरात आहे याचे उत्तर माल्डीने दिले. पेशीच्या आत कुठे, याचे देता येत नाही. माल्डीच्या एका ठिपक्याखाली कित्येक पेशी येतात आणि क्षयाचा जिवाणू तर अवघा दोन-चार मायक्रॉन लांबीचा. तिथे तिसरे यंत्र लागते, नॅनोसिम्स. यात सीझियमच्या आयनांचा अतिशय बारीक झोत नमुन्यावर आदळतो आणि उडालेल्या आयनांवरून सुमारे 50 नॅनोमीटरपर्यंतचा तपशील मिळतो. रेणू इथेही मोडतो. मग औषध ओळखायचे कसे?

बेडाक्विलिन या औषधाच्या बाबतीत निसर्गाने नव्हे, रसायनशास्त्रज्ञांनीच सोय करून ठेवली होती. त्याच्या रेणूत ब्रोमीनचा एक अणू आहे, आणि माणसाच्या पेशीत ब्रोमीन जवळजवळ नसते. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतले मॅक्सिमिलियानो गुटिएरेझ आणि ऑस्ट्रेलियातले त्यांचे सहकारी यांनी क्षयाचे जिवाणू गिळलेल्या मानवी पेशी आधी प्रकाश-सूक्ष्मदर्शकाने, मग इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने आणि शेवटी नॅनोसिम्सने पाहिल्या. पहिल्याने जिवाणू आणि मेदाचे थेंब ओळखू आले, दुसऱ्याने पेशीतले पडदे आणि कप्पे, तिसऱ्याने ब्रोमीन. 2019 साली ‘सायन्स’मध्ये आलेले निष्कर्ष अनपेक्षित होते. औषध मुख्यतः पेशीतल्या मेदाच्या थेंबांत साठले होते. मेदाला इतके चिकटणारे औषध तिथेच अडकून वाया जाते, अशी भीती साहजिक होती. पण क्षयाचा जिवाणू हाच मेद खातो, आणि खाताना औषधही त्याच्या पोटात जाते. जिवाणूची शिधाकोठीच औषधाचे गोदाम ठरली होती.

 

ब्रोमीनची युक्ती मात्र सगळीकडे चालत नाही. क्लोफाझिमिन या क्षयाच्या दुसऱ्या औषधात क्लोरीनचे दोन अणू आहेत, पण आपल्या पेशी मिठाच्या पाण्यात बुडालेल्या असतात, त्यामुळे ते क्लोरीन वेगळे ओळखता येत नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिनमध्ये फ्लोरीनचा एक अणू आहे, तो कामी येऊ शकतो. रिफॅम्पिसिनमध्ये कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांखेरीज काहीच नाही. ते नॅनोसिम्सला दाखवायचे असेल तर त्यातले काही अणू दुर्मीळ समस्थानिकांनी बदलून खास औषध बनवावे लागेल. बेडाक्विलिनच्या बाबतीतही ब्रोमीन सगळे सांगत नाही. शरीरात गेल्यावर यकृत या औषधाचा एक लहानसा तुकडा काढून टाकते, आणि उरलेला रेणू मूळ औषधापेक्षा कमी प्रभावी असतो. त्याच्यातही तोच ब्रोमीनचा अणू असतो. नॅनोसिम्सला दोघे एकच दिसतात. त्यांच्या वस्तुमानांत 14 डाल्टनचा फरक आहे, आणि तो पाहायला पुन्हा माल्डीकडेच जावे लागते.